दातवण

आमच्या वस्तीतल्या पोरींना हसायला कुणी बंदी घातली नव्हती, तोंड उघडायला होती. हसायचं ते ओठ मिटून, नाहीतर पदर तोंडाला लावून, नाहीतर भिंतीकडं तोंड फिरवून. आजही त्या काळच्या आम्ही चारदोन बाया एकत्र बसलो आणि कुणी गमतीचं बोललं, की सगळ्यांचे हात एकदमच तोंडाशी जातात. माझ्या नातीला त्याचं फार नवल वाटतं. ती दिवसभर मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत असते, बत्तिशी दाखवून, आणि मला म्हणते, आजी, तू पण हस की गं. मी हसते. माझ्या तोंडात आता कवळी आहे, पांढरीशुभ्र, डॉक्टरनं बसवलेली. तरी हात वर जातोच. ती म्हणते, आता काय लपवतेस? तिला काय सांगू. हाताला अजून कळलेलं नाही, एवढंच.

गोष्ट पाण्याची आहे. डोंगरकडा गावाहून चालत जाता येईल एवढ्यावर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. गावच्या विहिरीवर आमच्या बायांनी घागरी घेऊन बाजूला उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर ओतलं, नाहीतर ऊन डोक्यावर येईस्तोवर ताटकळत बसायचं. एका दुष्काळात सरकारनं वस्तीतच बोअर पाडून हापशी बसवली. मी तेव्हा रांगत होते. आई सांगायची, पहिलं पाणी आलं त्या दिवशी वस्तीनं हापशीला झेंडूचा हार घातला आणि घरोघरी गुळाचा भात शिजला. आपलं पाणी, आपल्या हातानं, पाहिजे तेव्हा. कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाही. पहाटे तिचा दांडा कर्र-खट, कर्र-खट वाजायला लागला की वस्ती उठायची, आणि संध्याकाळी शेवटची घागर भरून झाली की मगच चुली पेटायच्या. त्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही. आई चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करायची आणि डाळीला शिव्या द्यायची. डाळीला द्यायची, पाण्याला नाही.

आमचे दुधाचे दात पडले आणि पक्के आले ते असे आले की काय सांगावं. कुणाचे पिवळे, कुणाचे तपकिरी, मधे खडूसारखे पांढरे ठिपके, कुणाच्या पुढच्या दातांवर आडवे पट्टे. सगळ्या वस्तीतल्या लेकरांचे तसेच. शाळेत गुरुजी म्हणायचे, खालच्या वस्तीची पोरं दात घासत नाहीत, जा, तोंड धुऊन या. आम्ही पुन्हा हापशीवर जायचो आणि त्याच पाण्यानं तोंड धुऊन यायचो. माझी आई तर इरेलाच पेटली होती. लेकीला कुणी घाणेरडी म्हणावं हे तिला सहन होत नव्हतं. तिनं राखुंडी करून पाहिली, कोळसा करून पाहिला, मग विटकर कुटून तिचा चुरा. माझी मान गुडघ्यात धरून ती बोटानं असे दात घासायची की हिरड्यांतून रक्त यायचं. "रडू नको, निघल, निघल," म्हणायची. ते निघण्यातलं नव्हतं. पण पाण्याला बोल लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ज्या पाण्याला हार घातला होता, त्याच्यावर शंका कोण घेणार? पुढं कितीतरी वर्षांनी जीपमधून माणसं आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली, आणि मग, दात ह्या पाण्यानंच बिघडतात, ते पिऊ नका म्हणून, कुणीतरी हापशीला तांबडा रंग फासून गेलं. तोवर आमच्या लग्नाचं वय येऊन गेलं होतं.

निर्मला माझ्या शेजारची. शेजारची म्हणजे तिच्या आणि माझ्या घराला भिंत एकच; तिकडं तिच्या आईनं ठेचा वाटला की इकडं आम्हांला ठसका लागायचा. मी काळी, ठेंगणी, नाक पसरट. निर्मी उंच, उजळ, केस गुडघ्याला टेकतील असे. दोघी संगं चाललो की लोक तिच्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं बघून नजर काढून घ्यायचे. ह्याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण तो राग निर्मीवर कधी धरता आला नाही, कारण ती स्वतःच्या रूपाकडं पायातल्या चपलेइतकंही लक्ष द्यायची नाही. हापशीचा दांडा आम्ही दोघी मिळून मारायचो, एक ती, एक मी. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि तोंडाचा पट्टा चालू. घरामागं तुराट्यांचा ढीग असायचा, त्याच्या आडोशाला आम्ही बसायचो. तिथं मात्र तोंड मिटायचं कारण नव्हतं. तिचे दात माझ्यासारखेच, उलट एखादा पट्टा जास्तच. तिथं आम्ही अशा हसायचो की पोटात कळा यायच्या. अख्ख्या जगात एकच माणूस होतं ज्याच्यासमोर मी आ वासून हसत होते, आणि ते म्हणजे निर्मी.

मग सोयरिकी सुरू झाल्या. बघायला पाव्हणे यायचे, पोरीला नाव विचारायचे, शाळा विचारायचे, वाचायला लावायचे. वाचून काय करायचं होतं त्यांना? तोंड उघडायला लावायचं, एवढाच हिशोब. आमच्या वस्तीतल्या पोरींचा बोभाटा पंचक्रोशीत झाला होता. मला दोन ठिकाणांहून नकार आला. "पोरगी कामाची हाय, पर दात..." एवढंच बोलून माणसं पुढचं गिळायची. माझा बाप भाकरी अर्धी ठेवून उठायचा. मला स्वतःला तर वाटायला लागलं होतं की आपण नासलेल्या फळासारखे आहोत, वरून बरे, आतून किडके. आता हसू येतं. तेव्हा रडू यायचं आणि ते रडूही ओठ मिटूनच.

तिसरं स्थळ लांबचं, आमचा बोभाटा न पोचलेलं, कनेरगाव नाक्याच्या बाजूचं होतं. मुलगा हिंगोलीला कामाला, आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलेला. आत्याबाई म्हणजे त्या घरातला शब्द. ह्याच आत्याबाईंनी डोंगरकड्याला एका लग्नात निर्मीला पाहिलं होतं, पदर तोंडाशी धरून पंगतीला बसलेली. त्यांच्या ती इतकी मनात भरली की त्यांनी मध्यस्थाला सांगून टाकलं, भाच्याचं आधी उरकू, मग त्या उंच पोरीला माझ्या देविदाससाठी बघू. देविदास त्यांचा एकुलता एक. वस्तीत ही बातमी पसरली तेव्हा निर्मीच्या आईचे पाय जमिनीवर नव्हते. मी निर्मीला तुराट्यांमागं गाठलं आणि म्हटलं, निर्मे, आपण दोघी एकाच घरात जाणार. ती म्हणाली, "बघू." तिचं सगळं असंच, एका शब्दात. पण दोन्ही घरच्या मोठ्या माणसांनी तिला बजावून ठेवलं, की वच्छलाला, म्हणजे मला, बघायला पाव्हणे येतील त्या दिवशी तू बाहेर यायचं नाहीस. चुलीपाशी बसायचं. आत्याबाईंनी तुझं तोंड बघितलं तर तुझं राहील बाजूला आणि हिचंही मोडंल.

पाव्हणे यायच्या दिवशी सकाळीच सरू मावशी आली. सरू मावशी वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई, तिचे दात काळेभोर, चकचकीत. तिच्या तरुणपणी बाया हौसेनं दातवण लावायच्या. हिरडा आणि माजूफळाची काळी पूड असायची ती, दातांवर चोळली की दात काळे व्हायचे आणि ते देखणं मानायचे. तिच्यामागून ती रीत गेली, पण तिच्या लेखी दातवणाइतकं सुंदर काही नव्हतं. ती आईला म्हणाली, "पिवळं दिसण्यापरीस काळं दिसलेलं काय वाईट? सारखं तरी दिसंल. माझं ऐक, म्या माझ्या हातानं लावते." आईची मती गुंग झाली होती, ती व्हय म्हणाली. मीही तोंड उघडून बसले. तुरट चवीनं जीभ आखडली. निर्मी शेजारी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "वच्छे, हे बराबर न्हाई वाटून राहिलं मला." पण तिचं कोण ऐकतंय. आरशात पाहिलं तर पट्टे खरंच गेले होते. जन्मात पहिल्यांदा माझे सगळे दात एका रंगाचे होते, आणि मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

दुपारी पाव्हणे आले. आत्याबाई, त्यांचे मालक, मुलगा आणि मध्यस्थ. आईनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, कडेला चिमूटभर मीठ, अशा ताटल्या मांडल्या होत्या. मी पाटावर बसले. आत्याबाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली ताटली खाली ठेवली. मग शाळा विचारली. मी दहावी म्हणाले. त्यांनी आपल्या मालकाकडं बघितलं, माझ्या आईकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, ही पोरगी एकदा नांदून आलेली हाय व्हय?"

आईला समजेना. मलाही समजेना. सरू मावशीला मात्र समजलं, तिनं तोंडावर हात मारून घेतला. दातवण लग्न झालेल्या बाया लावायच्या. कुंकू जसं, मंगळसूत्र जसं, तसंच ते. कुमारिकेच्या दाताला कुणी दातवण लावत नव्हतं. इतक्या वर्षांत सरू मावशीच्या ते ध्यानातूनच गेलं होतं, आणि आम्ही नव्या पोरी, आम्हांला कुठून ठाऊक असणार. आत्याबाई उठल्या. "आमी गरीब असू, पर फसवून घेणारे न्हाई. मोडलेली पोरगी असंल तर तसं सांगावं माणसानं. तिचंबी कुणी करतंच की. पर लपवून?" माझा बाप हात जोडून उभा राहिला. दारात वस्ती गोळा झाली होती. ही बातमी संध्याकाळच्या आत जवळा बाजार गावापर्यंत गेली असती, आणि मग माझं लग्न कुठंच झालं नसतं. बापाला मान वर करून चालता आलं नसतं. मी पाटावर बसून रडायला लागले. तोंड झाकायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात चुलीपासून निर्मी उठून आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, हाताला राख. तिची आई मागून "निर्मे, निर्मे" करत होती. ती आत्याबाईंच्या पुढ्यात उभी राहिली, दोन बोटांनी वरचा ओठ उचलला आणि सगळे दात दाखवले. मग म्हणाली, "हे बघा. हे दात काही आमी घाण हावोत म्हणून न्हाईत, जन्माचे हाईत. ह्या वस्तीत सगळ्या लेकरांचे असेच हाईत. हिचेबी. ते दिसू नयेत म्हणून ह्या म्हातारीनं आज सकाळी दातवण लावलं. ही कुठं नांदली न्हाई. जन्मल्यापासून माझ्यासंगं हाय." एवढं बोलून ती थांबली नाही. ताटलीतलं मीठ घेतलं, माझी हनुवटी धरली आणि माझ्या पुढच्या दातावर ते बोटानं घासायला लागली. कच्चं दातवण होतं, थोडं थोडं निघायला लागलं. माझ्या हिरडीतून रक्त आलं, तिचं बोट तांबडंकाळं झालं, आणि खालून माझा तो तपकिरी पट्टा दिसायला लागला. तिनं माझं तोंड आत्याबाईंकडं वळवलं. "पटलं?"

आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या निर्मीकडं बघत होत्या. तिच्या उंचीकडं, केसांकडं आणि मग पुन्हा तोंडाकडं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी तुझेबी..." त्या म्हणाल्या. निर्मी म्हणाली, "व्हय. माझेबी." मग तो मुलगा, जो इतका वेळ खाली मान घालून बसला होता, तो म्हणाला, "आत्या, बसा खाली. खायचं गार होऊन राहिलं." हेच पुढं माझे मालक झाले. लग्नानंतर मी त्यांना विचारलं, तुमी काहून व्हय म्हणलात? ते म्हणाले, जिची मैतरीण अशी, तिच्यात खोट कशी असंल. बोलायला साधा माणूस, पण कधीकधी असं बोलून जायचा की आपण पाहतच राहावं. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

माझं लग्न झालं. निर्मीचं बोलणं तिथंच राहिलं. आत्याबाईंनी निरोप पाठवला की आमच्या पोराला एवढ्यात करायचं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरीकडं लावून दिलं. भाच्यानं हट्ट धरला म्हणून मी चालले, पण स्वतःच्या लेकासाठी त्यांना भ्या वाटलं, नातवंडांच्या रक्तात दात उतरतील म्हणून. देविदास भाऊजी आईच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. निर्मीला नंतरही पाव्हणे आले, पण आता तिनं लपवायचं सोडून दिलं होतं. पाव्हणा उंबऱ्यात आला की ती आधी तोंडभर हसायची. माणसं चहा पिऊन निघून जायची. वस्ती म्हणाली, निर्मीला संसाराची हौसच नव्हती. तिच्या आईनंही शेवटी तेच धरलं, आणि मीही. तसं मानणं सोयीचं होतं. ती अंगणवाडीत लागली, भावाच्या घरी एका खोलीत राहिली, आणि गावच्या लेकरांना तांबड्या हापशीजवळ फिरकू देत नव्हती.

मी हिंगोलीत खानावळ काढली. नोकरीवाले, शिकणारी पोरं, जेवायला यायची. माझ्या प्रत्येक बाळंतपणाला निर्मी आली, दरवेळी सुट्टीला आली, माझ्या चुलीवर माझ्याहून जास्त भाकरी तिनं थापल्या. माझी लेकरं तिला मावशी म्हणत मोठी झाली. देविदास भाऊजी कामाधामाला हिंगोलीत आले की आमच्याकडंच उतरायचे. निर्मी असली तर तीच वाढायची त्यांना. येसराची आमटी, भाकर, कांदा. तिनं ताट पुढं ठेवावं, त्यांनी मान खाली घालून जेवावं, जाताना "येतो" म्हणावं. ते गेले की मी तिला चिडवायची, बघ, हे तुझे मालक व्हायचे होते, बचावलीस. ती ओलं फडकं माझ्या अंगावर फेकायची. आम्ही दोघी हसायचो. एकदा ते आले तेव्हा ती नव्हती. भाऊजी बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "निर्मलाबाई न्हाई आल्या का औंदा?" मी म्हटलं, येतील. मी पुढं काही विचार केला नाही.

ह्या उन्हाळ्यात देविदास भाऊजी गेले. जलदानविधीला मी निघाले तर निर्मी म्हणाली, मीबी येते. मी म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, तू कशाला तकलीफ करून घेतेस? ती आधीच पांढरी साडी नेसून बसली होती. तिथं मंडप होता, भंतेजी होते, बायांच्या मागं आम्ही बसलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांनी फोटोपुढं फुलं वाहिली. निर्मीनंही वाहिली आणि ती तशीच उभी राहिली, मागच्या बाईनं हात लावून सरकवेपर्यंत.

येताना आम्ही कनेरगाव नाक्यावर जीपची वाट बघत एका धाब्यापुढं बसलो. ऊन रखरखत होतं. पोऱ्या नव्हता, मालकानंच चहा आणून ठेवला. निर्मीनं कप हातात धरला, प्याली नाही. रस्त्याकडं बघत म्हणाली, "वच्छे, मला ते आवडले व्हते."

मी म्हटलं, कोण? विचारायचं कारण नव्हतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं.

"डोंगरकड्याच्या त्या लग्नात ते पंगतीत वाढून राहिले व्हते. मी तोंडावरचा पदर काढत नव्हते. ते म्हणाले, जेवताना तरी काढा, कुणी न्हाई बघत. आन् खरंच तिकडं तोंड करून उभे राहिले, माझं जेवण होईस्तोवर."

त्या दिवशीचं सगळं माझ्यासमोर उभं राहिलं, ती चुलीपासून उठून आली ते, तिनं ओठ उचलला ते. मी म्हटलं, "निर्मे, मग तू बाहेर काहून आलीस? आत्याबाई तुला बघायला येणारच व्हत्या. तुझं मोडंल, हे तुला ठाऊक व्हतं."

"ठाऊक व्हतं."

"मग?"

"तू रडून राहिली व्हतीस," ती म्हणाली.

मी माझा कप खाली ठेवला. मग म्हटलं, "उभ्या जन्मात एकदा तरी सांगायचं व्हतंस मला."

"सांगितलं असतं तर तू त्या घरात सुखानं नांदली असतीस?" ती म्हणाली, आणि चहाचे पैसे द्यायला उठून गेली. मला रडू आलं. ते मी गिळलं. मी एकदा रडले होते, तेव्हा तिनं काय देऊन टाकलं ते आत्ताच ऐकलं होतं. पुन्हा तिच्यासमोर रडायची माझी छाती झाली नाही.